मुलांचे दात आणि राज्याचे कायदे

दुधाचा दात पडला की तो कौलावर फेकावयाचा आणि उंदराकडे त्याच्यासारखा बळकट दात मागावयाचा, ही रीत आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी होती. रीत मौजेची आहे, परंतु तिच्या आडोशाला जी समजूत नांदते ती मात्र घातक आहे. ‘दुधाचेच दात, आज ना उद्या पडायचेच’, असे म्हणून मुलाच्या किडलेल्या दाताकडे आपण डोळेझाक करतो. रात्री दाढ ठणकू लागली तर लवंग धरावयास देतो, आणि सकाळी ठणका थांबला की दाताचा विषयही थांबतो.

संस्थेच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत हा विषय कशाला, असे कोणास वाटेल. आमचे उत्तर असे की, दात घासणे ही घरातली गोष्ट आहे. परंतु गरीब घरच्या मुलास वेळेवर दंतवैद्य मिळणे ही एकट्या घराच्या हातची गोष्ट नाही. तेथे समाजाचे, शासनाचे आणि कायद्याचे साहाय्य लागते. हे साहाय्य कसे द्यावे आणि दिलेले कोठे वाया जाते, याचा अभ्यास करावयाचा तर अमेरिकेतील घटक राज्यांचा अनुभव उपयोगी पडतो. तो देश श्रीमंत आहे म्हणून नव्हे. तर इतक्या श्रीमंत देशातही कायदा असून मूल उपचारावाचून राहिले, आणि मग तेथील लोकांनी कायद्याची एकेक गाठ सोडविली, म्हणून.

१. ८० डॉलरांची दाढ

अमेरिकेच्या मेरिलँड राज्यात, राजधानी वॉशिंग्टनला लागून असलेल्या प्रिन्स जॉर्जेस परगण्यात, २००७ च्या जानेवारीत एका बारा वर्षांच्या मुलाचे डोके दुखू लागले. रुग्णालयात नेल्यावर डोकेदुखी, सायनसची सूज आणि दाताचे गळू यांवर औषधे देऊन त्यास घरी पाठविण्यात आले. पुढे दुखणे बळावले. किडलेल्या दाढेतील जंतू मेंदूपर्यंत पोचले होते. मेंदूवर दोन शस्त्रक्रिया झाल्या, दाढही काढली, कित्येक आठवडे उपचार चालले. परंतु फेब्रुवारीच्या अखेरीस तो मुलगा गेला. ती दाढ आधीच काढली असती तर सुमारे ८० डॉलर लागले असते. रुग्णालयातील उपचारांचा खर्च सुमारे अडीच लाख डॉलर झाला.

आई निष्काळजी होती काय? मुळीच नाही. ती त्याच सुमारास त्याच्या धाकट्या भावासाठी दंतवैद्य शोधीत होती. त्याचे तर सहा दात किडले होते. त्या एका मुलास दंतवैद्याची वेळ मिळवून देण्यासाठी आईखेरीज एक वकील, मदतवाहिनीच्या प्रमुख आणि आणखी तीन आरोग्य कर्मचारी यांना खटपट करावी लागली. कुटुंबास स्थिर घर नव्हते. मधल्या काळात सरकारी योजनेतील त्यांचे संरक्षणही तुटले. कागद निवारागृहाच्या जुन्या पत्त्यावर गेले असावेत, असे आईस वाटत होते. एका बाळाच्या प्राणाची किंमत एका टपालाच्या पत्त्यावर येऊन ठेपावी, याहून मोठी लाज ती कोणती?

२. चणे आहेत, दात नाहीत

कायदा नव्हता असे नाही, ही या प्रकरणातील शिकण्याजोगी गोष्ट. गरीब कुटुंबांसाठी केंद्र सरकार आणि राज्ये मिळून चालवितात ती मेडिकेड योजना १९६५ साली सुरू झाली. १९६७ साली तीत मुलांसाठी खास कलम आले. मुलांची वेळोवेळी तपासणी करावी, दोष लवकर हुडकावा आणि सापडलेल्या दोषावर उपचारही करावा, असा त्याचा अर्थ. आणि दातांचा त्यात समावेश आहे. म्हणजे २००७ साली त्या हक्काला चाळीस वर्षे झाली होती.

प्रत्यक्षात काय घडत होते? मेरिलँडमधील सुमारे ५,५०० दंतवैद्यांपैकी जेमतेम ९०० मेडिकेडचे रुग्ण घेत असत. २००५ साली योजनेतील तीन मुलांत एकासही दंतवैद्याचा हात लागला नव्हता. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही आपली म्हण येथे अक्षरशः खरी ठरली. हातात हक्काचे कार्ड होते. दवाखान्याचे दार बंद होते.

दंतवैद्यांस सर्वस्वी दोष देऊनही भागत नाही. सरकार देई ते दर बाजारातील दरांहून फार खाली होते. मुलांची नावे निरनिराळ्या आरोग्य संघटनांत विभागलेली असत. प्रत्येकीचे अर्ज वेगळे, परवानग्या वेगळ्या, हिशेबाची तऱ्हा वेगळी. दवाखान्यातील कारकुनाचा निम्मा दिवस कागद रंगविण्यात जाई. गरीब कुटुंबाला गाडीभाडे, रजा, धाकट्या मुलांची सोय हे सारे जमवून नेमल्या वेळी पोचणे कठीण. म्हणून वेळा चुकत आणि दंतवैद्य अधिकच दूर सरत.

३. मेरिलँडने गाठी कशा सोडविल्या

मुलाच्या मृत्यूची हकीगत वृत्तपत्रात आली तेव्हा राज्यात मोठी खळबळ उडाली. अशा वेळी एखादा शोकप्रस्ताव संमत करून सभा उठते, हे आपण नेहमी पाहतो. मेरिलँडमध्ये तसे झाले नाही. विधिमंडळाने त्याच वर्षी गरिबांसाठीच्या दंतदवाखान्यांना अनुदाने देणारी तरतूद केली. जूनमध्ये आरोग्य खात्याने दंतवैद्य, बालरोगतज्ज्ञ, वकील, कार्यकर्ते आणि अधिकारी यांची कृतिसमिती बसविली. सप्टेंबरमध्ये तिचा अहवाल आला. त्यात सात शिफारशी होत्या, आणि प्रत्येक शिफारस एका विशिष्ट अडचणीवर नेमकी बोट ठेवणारी होती.

पहिली गोष्ट दरांची. जुलै २००८ पासून तपासणी आणि प्रतिबंधक उपचार यांचे दर वाढविले. वाढीचे पुढचे टप्पे मात्र मंदीच्या दिवसांत खजिना आटल्याने रखडले, हेही सांगितले पाहिजे.

दुसरी गोष्ट कारभाराची. जुलै २००९ मध्ये दातांचा सारा कारभार निरनिराळ्या संघटनांकडून काढून एकाच व्यवस्थापकाकडे दिला. दंतवैद्याला एकच अर्ज, एकच हिशेब. आणि आईला विचारपूस करावयास एकच ठिकाण.

तिसरी गोष्ट मनुष्यबळाची. डेंटल हायजिनिस्ट म्हणजे दात साफ करण्याचे आणि कीड लागू न देण्याचे उपचार शिकलेले साहाय्यक. त्यांना सार्वजनिक आरोग्याच्या ठिकाणी, दंतवैद्य शेजारी उभा नसतानाही काम करता यावे, म्हणून २००८ मध्ये कायदा सैल केला.

चौथी गोष्ट आम्हांस सर्वांत शहाणपणाची वाटली. तान्ह्या मुलास आई दंतवैद्याकडे नेत नाही, पण लस टोचावयास डॉक्टरकडे नेतेच. तेव्हा ९ ते ३६ महिन्यांच्या मुलांच्या दातांस फ्लोराइडचा लेप लावण्याचे शिक्षण बालरोगाच्या डॉक्टरांना दिले आणि त्याचा मोबदलाही ठरविला. लोक जेथे येतात तेथेच उपचार नेला.

फळ काय मिळाले? योजनेतील नियमित नाव असलेल्या मुलांपैकी दातांचे उपचार मिळणाऱ्यांचे प्रमाण काही वर्षांत निम्म्याच्या वर गेले. प्यू या संशोधन संस्थेने २०११ साली सर्व राज्यांची पाहणी केली, तेव्हा आठपैकी सात कसोट्यांस उतरून मेरिलँड सर्वांच्या पुढे होते. केंद्राच्या कायद्यातही बदल झाला. मेडिकेडच्या मर्यादेहून थोडे अधिक उत्पन्न असणाऱ्या कुटुंबांतील मुलांसाठी १९९७ पासून दुसरी योजना होती. तीत दातांचे उपचार देणे राज्यांच्या मर्जीवर होते. ४ फेब्रुवारी २००९ च्या कायद्याने ते सक्तीचे झाले. पुढे, जानेवारी २०२३ पासून मेरिलँडने मेडिकेडमधील प्रौढांसही दातांचे उपचार दिले. आईबापांचे दात बरे असले म्हणजे मुलांच्या दातांकडे घराचे लक्ष जाते, हे सांगावयास तज्ज्ञ नको.

४. शाळेच्या दारी

काही राज्यांनी शाळेचा मार्ग धरला. कॅलिफोर्नियात २००६ साली संमत झालेल्या कायद्याप्रमाणे सरकारी शाळेत प्रथमच येणाऱ्या मुलाच्या दातांची तपासणी करून त्याचा दाखला त्या वर्षाच्या ३१ मेपर्यंत द्यावयाचा असतो. दाखला नाही म्हणून मुलास शाळेबाहेर काढीत नाहीत. पालकाला कारण लिहून सूट घेता येते: दंतवैद्य सापडला नाही, खर्च परवडत नाही, किंवा आमची संमती नाही.

हा सूट मागण्याचा कागद आम्हांस फार मोलाचा वाटतो. एरवी गैरहजर मुलापुढे नुसती फुली पडते. येथे त्या फुलीचे कारण लिहिले जाते. एखाद्या शाळेतून ‘दंतवैद्य सापडला नाही’ असे पुष्कळ कागद आले, तर अडचण पालकांच्या आळसात नसून त्या वस्तीत आहे, हे अधिकाऱ्यांस कळून येते.

आयोवा राज्याने २००७ साली असाच कायदा केला. तेथे बालवर्गात आणि नववीत तपासणी लागते. परंतु केवळ तपासणीने कीड बरी होत नाही. म्हणून तेथे गावोगावच्या समन्वयक कार्यकर्त्यांची जोड दिली आहे. मुलाच्या तोंडात कीड दिसली की दंतवैद्य शोधणे, वेळ ठरविणे, घरी आठवण देणे ही त्यांची कामे. याच वाटेने वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथे १९९५ साली एक उपक्रम निघाला. लहान मुलांवर उपचार करण्याचे खास शिक्षण घेतलेल्या दंतवैद्यांस अधिक दर दिला. आणि कुटुंबांस वेळ पाळण्याचे महत्त्व समजावून दिले. दोन्ही बाजूंच्या अडचणी एकाच वेळी ओळखल्या, हे त्याच्या यशाचे मर्म होय.

५. उपचार कोणी करावयाचे?

जेथे दंतवैद्यच नाहीत तेथे काय? या प्रश्नाचे जुने उत्तर न्यूझीलंडने दिले होते. तेथे १९२१ पासून तरुण स्त्रियांस दोन वर्षांचे शिक्षण देऊन शाळांत ‘दंतपरिचारिका’ म्हणून नेमीत. त्या मुलांचे दात तपासीत, भरीत आणि जरूर तेव्हा काढीत. अलास्कातील बर्फाळ खेड्यांत वर्षानुवर्षे दंतवैद्य फिरकत नसे. तेथील मूळ रहिवाशांच्या आरोग्य संस्थांनी आपली माणसे थेट न्यूझीलंडला शिकावयास पाठविली आणि २००५ च्या सुमारास ती गावी परतून कामास लागली. दंतवैद्यांच्या संघटनेने त्यास कडाडून विरोध केला. पण काम चालू राहिले. २००९ साली मिनेसोटा राज्याने ‘डेंटल थेरपिस्ट’ या वर्गास कायद्याने मान्यता दिली. त्यांनी मुख्यतः गरीब आणि उपचारवंचित लोकांतच काम केले पाहिजे, अशी अट घातली. मागाहून मेन, व्हरमाँट वगैरे राज्ये त्याच वाटेने गेली.

कमी शिकलेल्या माणसाच्या हाती मुलाचे तोंड द्यावे काय, ही शंका रास्त आहे. परंतु निवड बहुधा मोठा दंतवैद्य की छोटा, अशी नसते. कोणीतरी की कोणीच नाही, अशी असते.

६. पाणी पाहून कायदा

येथे एक सावधगिरीची सूचना. मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स शहराने १९४५ साली पिण्याच्या पाण्यात अल्प प्रमाणात फ्लोराइड मिसळले आणि तेथील मुलांच्या दातांची कीड पुष्कळ कमी झाली. मग हा उपाय देशभर पसरला. आज तेथे दर लिटरला ०.७ मिलिग्रॅम हे प्रमाण योग्य धरतात. अलीकडे त्यावर वाद माजला असून २०२५ साली यूटा आणि फ्लोरिडा या राज्यांनी पाण्यात फ्लोराइड घालण्यास बंदी केली.

आपल्याकडील स्थिती याच्या उलट आहे. माळव्यालगतच्या झाबुआ जिल्ह्यात आणि हैदराबादजवळच्या नलगोंडा भागात अनेक विहिरींच्या पाण्यात निसर्गतःच फ्लोराइड अधिक आहे. त्यामुळे दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि प्रमाण फार झाल्यास हाडेही वाकतात. तेथे ते पाण्यातून काढावयाचे असते. नागपूरच्या पर्यावरण संशोधन संस्थेने त्यासाठी सत्तरीच्या दशकात तुरटी आणि चुना यांची जी पद्धत बसविली, ती ‘नलगोंडा पद्धत’ म्हणूनच प्रसिद्ध आहे. तात्पर्य, दुसऱ्याचा कायदा जसाच्या तसा उचलू नये. त्यातील विचार घ्यावा आणि आपले पाणी पाहून वापरावा.

७. आपण यातून काय घ्यावे

आपल्या देशातही तपासणीची व्यवस्था आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाड्यांत आणि सरकारी व अनुदानित शाळांत तपासणी करावी, दोष आढळल्यास पुढे पाठवावे, अशी त्याची योजना असून दातांचे विकारही तीत येतात. म्हणजे कागद आपल्याकडेही आहे. पाठविलेले मूल उपचाराच्या खुर्चीपर्यंत पोचते काय, हा प्रश्न आपल्यालाही विचारावा लागतो.

येथे संस्थेच्या सभासदांशी थोडे मोकळेपणाने बोलतो. महोत्सवी वर्षात दंततपासणी शिबिर भरवावे, अशी कल्पना कोणाही संस्थेस सुचते. मंडप पडतो, पाहुण्यांस हारतुरे होतात, दोनशे मुले आ करून जातात, प्रत्येकीच्या हाती चिठ्ठी पडते: ‘दोन दाढा किडल्या आहेत, उपचार करावा.’ ती चिठ्ठी घरी जाऊन देव्हाऱ्यामागे किंवा फडताळात पडते. शिबिराचा अहवाल छापला जातो आणि दाढ किडतच राहते. मेरिलँडच्या त्या मुलास दाताचे गळू आहे, हे डॉक्टरांस ठाऊक झालेले होते. ठाऊक होण्याने तो वाचला नाही.

तेव्हा आमची सूचना अशी की, दोनशे मुलांची नुसती तपासणी करण्याऐवजी चाळीस मुलांचे उपचार शेवटास न्यावेत. त्यासाठी चार गोष्टी लागतात, आणि त्या चारही वर पाहिलेल्या कायद्यांतून घेतलेल्या आहेत. शहरातील दोन-तीन दंतवैद्यांशी आधीच बोलून वाजवी दर ठरवावा, आणि ठरलेले पैसे वेळेवर पोचते करावेत. फुकट करा म्हणून भिडेस घालू नये, कारण भीड एकदाच चालते. प्रत्येक मुलामागे संस्थेची एक व्यक्ती नेमावी. ती आईस वेळेची आठवण देईल, लागल्यास रिक्षाने सोबत जाईल. जे मूल आले नाही त्याचे कारण वहीत लिहावे. आणि शिष्यवृत्तीचा अर्ज, वह्यांचे वाटप, हळदीकुंकू, जेथे माता आणि मुले आपण होऊन येतात तेथेच दातांची गोष्ट काढावी.

घरासाठी तर याहून साध्या गोष्टी आहेत. पहिला दात आला की घासणे सुरू करावे. फ्लोराइडचे टूथपेस्ट तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढे, तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढे पुरे. मात्र जेथील पाण्यातच फ्लोराइड अधिक आहे तेथे आधी दंतवैद्यास विचारावे. दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळास निजवू नये. सहाव्या वर्षाच्या सुमारास अगदी मागे जी दाढ येते, ती कोणताही दुधाचा दात न पडता येते. म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात. ती जन्माची दाढ आहे. तिच्या खाचा बुजविणारा सीलंट नावाचा लेप मिळतो. तो लावल्यास पहिल्या दोन वर्षांत दाढांतील सुमारे ८० टक्के कीड टळते, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे म्हणणे आहे. आणि दाढेजवळ सूज, पू किंवा ताप दिसला तर लवंगेवर रात्र काढू नये; त्याच दिवशी दंतवैद्य गाठावा.

दात कोरून पोट भरत नाही, असे आपले वाडवडील सांगत. सरकार असो, संस्था असो की घर असो, मुलांच्या दातांवर ८० डॉलर वाचवू पाहणाऱ्याची पोतडी अखेर रिकामीच होते; आणि कधी कधी पैशाने न भरून येणारे नुकसान होते. कायद्याने दार उघडते. त्या दारापर्यंत मुलाचे बोट धरून नेणारे कोणी असावे लागते, आणि ते काम आपल्यासारख्यांचे आहे.

अभ्यासमंडळासाठी प्रश्न

१. मेरिलँडमध्ये हक्क असूनही उपचार का मिळत नव्हते? त्यांतील कोणत्या अडचणी आपल्या गावी आहेत?

२. सूट मागण्याच्या कागदावर कारण लिहून घेण्याने काय साधते? आपल्या संस्थेच्या कोणत्या कामात ही रीत आणता येईल?

३. आपल्या वस्तीतील पाण्यात फ्लोराइड किती आहे, हे कोठे विचारता येईल? ते काम कोण अंगावर घेईल?

४. आपल्या घरातील सहा ते बारा वर्षांच्या मुलांच्या मागील दाढा आपण शेवटच्या केव्हा पाहिल्या?